एक नाते तुटते तेव्हा बाकीची दारे उघडी आहेत का? किशोरवयीन मुलांमधला आत्महत्येचा धोका ओळखण्याची आणि हाताळण्याची रीत

आधी तातडीचे. हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर एखादे विशिष्ट मूल असेल आणि आजची रात्र कशी निघेल अशी धास्ती वाटत असेल, तर बाकीचा लेख नंतर वाचावा. मुलाला एकटे सोडू नये आणि १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ला फोन लावावा. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. १८ वर्षांखालील मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. मुलाने स्वतःला इजा केली असेल किंवा काही घेतल्याचा संशय असेल, तर १०८ची रुग्णवाहिका बोलवावी नाहीतर मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. घरगुती उपायांत वेळ घालवू नये. आणि हे वाचणारे तुम्ही स्वतःच ते मूल असाल, तर हे क्रमांक तुमचेही आहेत. ते फिरवण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आता मूळ विषयाकडे. मुलांच्या आत्महत्येचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे लगेच परीक्षेवर, क्लासवर आणि निकालावर जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२१चा अहवाल थोडे वेगळे सांगतो. त्या वर्षी देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, म्हणजे २२,२०७ होता. १८ वर्षांखालील मुलांपुरते पाहिले, तर परीक्षेतील अपयश हे कारण ८६४ प्रकरणांत नोंदले गेले. ‘प्रेमप्रकरण’ हे कारण १,४९५ आणि ‘कौटुंबिक समस्या’ हे कारण ३,२३३ प्रकरणांत. पोलिसांच्या नोंदवहीत एका मृत्यूपुढे एकच कारण लिहिले जाते, आणि ते घरच्यांच्या जबाबावरून ठरते, म्हणून हे आकडे जपूनच वाचायला हवेत. तरीही त्यांचा कल स्पष्ट आहे. या वयात मुलांना सर्वांत जास्त दुखते ते माणसांमुळे, आणि ती माणसे बहुतेक वेळा घरातलीच असतात.

मी शाळेत समुपदेशनाचे काम करते. या कामात माझे एक मत पक्के होत गेले आहे: एक नाते तुटल्याने मूल जितके धोक्यात येते, त्यापेक्षा ते तुटल्यावर बाकीची नातीही त्याच वेळी मिटली म्हणजे जास्त धोक्यात येते. मुलीला तिच्या प्रेमातला मुलगा सोडून गेला, हा पहिला घाव. ते घरी कळले, मोबाइल काढून घेतला, मैत्रिणींशी बोलणे बंद झाले, बाबांनी बोलणे टाकले, क्लास बंद झाला, हा दुसरा घाव. आणि तो आपण घालतो. पहिला घाव आपल्या हातात नसतो, दुसरा मात्र असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दुसऱ्या घावाभोवतीच फिरतात.

पहिली पायरी : कारण आणि निमित्त वेगळे करा

“एवढ्याशा गोष्टीसाठी?” हा प्रश्न मी दर वर्षी ऐकते. ज्या गोष्टीकडे बोट दाखवून तो विचारला जातो ती खरोखरच लहान असते: ग्रुपमधून काढले, सहलीच्या बसमध्ये शेजारी बसायला कुणी तयार झाले नाही, वाढदिवसाला मेसेज आला नाही. पण ती गोष्ट निमित्त असते. तिच्यामागे महिनोन्‌महिने साचलेले काही असते: नैराश्य, झोपेची वाताहत, घरातले व्यसन, मारहाण, लैंगिक अत्याचार, जातीवरून वा रंगरूपावरून सतत होणारी हेटाळणी, किंवा याआधी स्वतःला इजा करण्याचा झालेला प्रयत्न. नात्यातला ताण एकटा क्वचितच मारतो. तो आधीच भरत आलेल्या हंड्यात पडतो. म्हणूनच एकाच वर्गातल्या दोन मुलींची मैत्री तुटते तेव्हा एक आठवडाभर रडून पुन्हा खो-खोच्या मैदानावर दिसते आणि दुसरी दिसेनाशी होते.

या वयाचीही एक बाजू आहे. भावना पेटवणारी मेंदूतली यंत्रणा किशोरवयात लवकर जोमात येते. आवर घालणारा, पुढचे पाहणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. मोठ्या माणसाला ‘सहा महिन्यांत विसरशील’ हे वाक्य धीर देते, कारण त्याने असे सहा महिने अनेकदा काढलेले असतात. पंधराव्या वर्षी तो अनुभवच नसतो. २००३ मध्ये अमेरिकेत नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. तरुणांना पडद्यावर चेंडू फेकण्याचा खेळ दिला आणि थोड्या वेळाने बाकीचे खेळाडू त्यांच्याकडे चेंडू टाकेनासे झाले. शरीराला दुखते तेव्हा मेंदूचे जे भाग चेततात, त्यांतलेच काही या वेळी चेतलेले दिसले. समोर ओळखीचे कुणी नव्हते, तो चेंडूही खरा नव्हता. मग ज्या ग्रुपवर रोज दोनशे मेसेज येतात, त्यातून रात्री अकरा वाजता काढून टाकलेल्या मुलाला काय होत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेला सिद्धांत मला या कामात फार उपयोगी पडला आहे. त्यांच्या मते मरणाची तीव्र इच्छा दोन जाणिवा एकत्र आल्यावर निर्माण होते. ‘मी कुणाचाच नाही’ ही पहिली आणि ‘मी सगळ्यांना ओझे झालो आहे’ ही दुसरी. आता आपल्या घरांत रागाच्या भरात बोलली जाणारी दोन वाक्ये आठवून पाहावीत. “आजपासून तू आमची मुलगीच नाहीस” हे वाक्य पहिल्या जाणिवेवर शिक्का मारते, आणि “तुझ्यामुळे आम्हाला चार लोकांत तोंड दाखवायला जागा उरली नाही” हे दुसऱ्या. बोलणारा दुसऱ्या दिवशी ते विसरतो. मूल ते वहीत लिहून ठेवते. मी अशा वह्या पाहिल्या आहेत.

दुसरी पायरी : ताण नेमका कोणत्या नात्यातला आहे ते शोधा

प्रेमसंबंध तुटणे हा प्रकार सर्वांना माहीत आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की त्या मुलाच्या मोबाइलमधला तो एक माणूस कदाचित त्याच्या सगळ्या गुपितांचा एकमेव राखणदार होता.

मैत्रीतून बाहेर फेकले जाणे मोठ्यांना दिसतच नाही, कारण त्याला नाव नसते. मूल ‘डबा वर्गातच खाते’, ‘मधल्या सुट्टीत वाचनालयात बसते’, एवढेच कळते, आणि पालक खूश होतात की पोरगी वाचायला लागली.

आईवडिलांमधले भांडण हा सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित ताण. मूल त्यात निरोप्या होते. “बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय.” काही मुले अक्षरशः असे समजून चालतात की आपण नसतो तर यांनी केव्हाच वेगळे होऊन सुखाने संसार केला असता. ओझे असल्याची जाणीव इथूनही येते.

चौथा प्रकार गुपित फुटण्याचा. खाजगी फोटो पसरवण्याची धमकी, चॅटचे स्क्रीनशॉट, किंवा मुलाला मुलगाच आवडतो हे वर्गात समजणे. या प्रकाराला वेळ फार कमी असतो, कारण मुलाला वाटते की उद्या सकाळी सगळ्या गावाला कळणार. धमकी आली असेल तर मुलाला पहिले वाक्य असे सांगावे: “चूक धमकी देणाऱ्याची आहे, आणि यातून वाट आहे.” पैसे देऊ नयेत, चॅट पुसू नये, पुरावा म्हणून जपून ठेवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते आणि १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या अशा छायाचित्रांसाठी ‘टेक इट डाऊन’ ही विनामूल्य सेवा आहे. त्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही; त्याचा अंकी (डिजिटल) ठसा आपल्याच मोबाइलवर तयार होतो आणि सहभागी संकेतस्थळे त्या ठशावरून फोटो ओळखून काढतात. हे कळल्यावर मुलाच्या खांद्यावरचे ओझे उतरताना मी पाहिले आहे.

पाचवा प्रकार उलट्या बाजूचा आहे: “तू मला सोडलंस तर मी जीव देईन” असे समोरचा म्हणतो. ऐकणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीवर दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी येऊन पडते, आणि ती कुणाला सांगत नाही, कारण तशी शपथ घातलेली असते. दोघेही धोक्यात असतात. धमकी ‘नाटक’ म्हणून उडवून लावू नये. त्याच वेळी नात्यात अडकून राहणे हा त्या मुलावरचा उपचार नव्हे, हेही मुलीला स्वच्छ सांगावे. तिने एकच काम करायचे: त्याच्या घरच्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसापर्यंत ही गोष्ट पोहोचवायची. अशी शपथ मोडणे योग्यच आहे, हे तिला मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायचे असते.

तिसरी पायरी : बदल वाचा

एकेका लक्षणाला अर्थ देत बसू नये. आधी मूल कसे होते आणि आता कसे आहे, यातले अंतर पाहावे. झोप उलटीपालटी होणे, जेवणावरून लक्ष उडणे, अंघोळ टाळणे, गुण घसरणे हे दिसते. मुलग्यांमध्ये दुःख बरेचदा चिडचिड, भांडणे, भरधाव गाडी चालवणे किंवा दारू यांच्या रूपाने बाहेर येते, आणि मग आपण शिस्तीचा प्रश्न समजून चुकीच्या दिशेने जातो. बोलण्यातही खुणा असतात. “मी नसलेलीच बरी”, “आता काही दिवसांचाच त्रास आहे तुम्हाला”, “माझा ड्रॉइंगचा बॉक्स तन्वीला दे” अशी वाक्ये चेष्टेच्या सुरात आली तरी तिथेच थांबून विचारावे. आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोपासारखे मेसेज, मरणाविषयी इंटरनेटवर शोधाशोध, पूर्ण बाह्या घालून हात झाकणे याकडे काणाडोळा करू नये.

एक खूण फसवी असते. आठवडेच्या आठवडे उदास असलेले मूल एकाएकी शांत, हलके दिसू लागते आणि घरात सगळ्यांना बरे वाटते. उपचार सुरू असून हळूहळू आलेला फरक वेगळा. पण मधले काहीही न बदलता अचानक आलेली शांतता दिसली, तर त्याच दिवशी बोलावे.

चौथी पायरी : थेट विचारा

या पायरीवर बहुतेक जण अडखळतात. विषय काढला तर मुलाच्या डोक्यात नसलेले खूळ शिरेल, अशी भीती असते. ही भीती तपासली गेली आहे. मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला आणि तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलेल्या मुलांमध्ये असे विचार वा अस्वस्थता, न विचारलेल्या मुलांपेक्षा वाढलेली आढळली नाही. उलट, आधीच नैराश्यात असलेल्या मुलांचा त्रास विचारल्यानंतर किंचित कमीच दिसला.

जागा आणि वेळ निवडावी. समोरासमोर बसवून, आजी-काकांच्या देखत, झडती घेतल्यासारखे विचारू नये. स्कूटरवरून जाताना, भाजी निवडताना, रात्री गच्चीवर, म्हणजे जिथे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही तिथे मुले जास्त बोलतात. सुरुवात दिसलेल्या गोष्टीपासून करावी आणि मग मुद्द्यावर यावे.

“गेले पंधरा दिवस तू नीट झोपत नाहीस, मला दिसतंय. काय झालंय ते मला सगळं सांगितलंच पाहिजेस असं नाही. पण एक विचारते. इतका त्रास होतो तेव्हा कधी जगणंच नको, मरून जावं असं मनात येतं का?”

यानंतर गप्प बसावे. हा गप्पपणा फार लांबतो, लांबू द्यावा. ‘हो’ असे उत्तर आले तर आवाज न चढवता पुढचे प्रश्न विचारावेत: असे कधीपासून वाटते, दिवसातून किती वेळा, काही ठरवले आहे का, त्यासाठी काही जमवले आहे का, याआधी कधी काही केले होते का, आणि आतापर्यंत कशाने थांबलास? हा शेवटचा प्रश्न मी कधीच चुकवत नाही. ‘धाकटी बहीण’, ‘आमचा कुत्रा’, ‘आजीला काय वाटेल’ अशी उत्तरे येतात, आणि उघडे दार कोणते ते समजते.

न बोलायच्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं”, “आईचा विचार कर जरा”, “देवाने सगळं दिलंय, कमी काय आहे तुला?”, “असलं अभद्र बोलू नकोस”: ही सगळी वाक्ये दार लावून घेणारी आहेत. आणि “कुणालाही सांगणार नाही” असे वचन तर कधीही देऊ नये. त्याऐवजी म्हणावे, “तुझा जीव वाचवण्यासाठी ज्याला सांगायला लागेल त्यालाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन.”

पाचवी पायरी : उत्तरावरून वेग ठरवा

मरून जावेसे वाटते, पण काही ठरवलेले नाही, असे उत्तर असेल, तर येत्या दोन-तीन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची भेट ठरवावी आणि तोवर रोज विचारपूस करावी. विचार वारंवार येतात, कसे करायचे हे डोक्यात आहे किंवा आधी प्रयत्न झाला आहे, असे असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. ठरलेले आहे, साधन जवळ आहे, वेळ ठरली आहे, असे असेल तर आत्ता, रात्र असली तरी, रुग्णालयाचा अपघात विभाग. मधल्या वेळेत कुणीतरी मुलाच्या जवळच असावे, नुसते त्याच घरात असून भागत नाही. या तिन्हींमध्ये शंका आली तर जास्त तातडीचा मार्ग धरावा. फुकट धावपळ झाली तर एक रात्र जाते, इतकेच.

सहावी पायरी : पहिली रात्र

एक प्रसंग सांगते. तो दोन-तीन घरांतून जुळवलेला आहे, म्हणजे कुणाला ओळखू येऊ नये. दहावीतली मुलगी. नववीपासून एका मुलाशी बोलत होती, त्याने बोलणे तोडले. ती चार दिवस जेवली नाही, तेव्हा आईने मोबाइल उघडला. रात्री नऊ वाजता हॉलमध्ये बाबा, आई, काका, काकू बसलेले, मधोमध ती. काका मेसेज मोठ्याने वाचून दाखवत होते. मोबाइल कपाटात गेला, शाळा आठ दिवस बंद ठरली, आणि तिला तिच्या खोलीत पाठवून दार बाहेरून ओढून घेतले. रात्री दीडच्या सुमारास आजी पाणी प्यायला उठली, तिला दाराखालून उजेड दिसला, म्हणून ती आत गेली. म्हातारीने काही विचारले नाही. स्वतःची उशी आणली आणि शेजारी आडवी झाली. माझ्या खोलीत बसून ओळखपत्राची फीत बोटाला गुंडाळत मुलगी मला म्हणाली, “आजी घोरायला लागली, मग मला झोप लागली.”

पहिल्या रात्रीचे सगळे शास्त्र त्या आजीला ठाऊक होते. मुलाला एकटे झोपवू नये. पंचायत बसवू नये. ज्यांना कळणे गरजेचे आहे अशा दोनच मोठ्यांनी हे हाताळावे. शिक्षेचे निर्णय, लग्नाच्या गोष्टी, गावाला पाठवण्याच्या योजना त्या रात्री काढू नयेत. मोबाइलबद्दल मला नेहमी विचारले जाते. धमकी देणारा माणूस त्यावर असेल तर तो क्रमांक बंद करावा, रात्रीच्या वेळी मोबाइल मोठ्यांच्या खोलीत ठेवण्याचे मुलाशी बोलून ठरवावे; पण सगळाच मोबाइल हिसकावून घेतला तर जिच्याशी ती बोलली असती ती मैत्रीणही गेली.

आणि घर सुरक्षित करावे. मरणाच्या इच्छेचा तीव्र झटका बहुधा थोडा वेळ टिकतो, आणि तेवढ्या वेळात घातक साधन हाताशी नसेल तर अनेक जीव वाचतात. औषधांचा डबा, विशेषतः आजी-आजोबांच्या गोळ्या, कुलपात ठेवाव्यात आणि किल्ली खिशात असावी. शेतकरी घरांत फवारणीची औषधे राहत्या घरातून हलवून कुलूपबंद ठेवावीत. शक्य असेल तर काही महिने दुसऱ्याच्या गोडाऊनवर. श्रीलंकेत जास्त विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, तसे तिथले आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आले. म्हणजे ‘ठरवलं की कोण अडवणार’ हे म्हणणे खरे नाही.

सातवी पायरी : सुरक्षा आराखडा लिहा

बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी बनवलेला हा आराखडा जगभर वापरला जातो. तो मुलाने स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत, शक्यतो तज्ज्ञाबरोबर बसून लिहायचा असतो, आणि तोही मन थोडे शांत असताना. मी वहीचे एक पान देते. सर्वांत वर धोक्याच्या खुणा येतात: ‘रात्री त्याचा स्टेटस पाहिला की’, ‘आई-बाबांचे आवाज वाढले की’. त्याखाली एकट्याने करता येण्यासारखे काही, जसे गार पाण्याने तोंड धुणे, गच्चीवर चालणे, गणिताची उदाहरणे सोडवणे (हे एका मुलाने खरोखर लिहिले होते आणि त्याला ते उपयोगी पडले). मग लक्ष दुसरीकडे वळवणारी माणसे आणि ठिकाणे. मग ज्यांना ‘मला आत्ता बरे वाटत नाही, ये’ असे म्हणता येईल त्यांची नावे आणि फोन. मग डॉक्टर, १४४१६, १०९८. शेवटी घरात काय कुलूपबंद आहे ते. ‘पुन्हा असे करणार नाही’ अशी सही घेणे मात्र निरुपयोगी आहे. त्याने मूल फक्त लपवायला शिकते.

नावांच्या रकान्यात मुलाचे पेन अडते. त्याच क्षणी तुम्हाला कळते की किती दारे बंद आहेत. पालकांनी तिथे स्वतःचे नाव घुसवू नये. मुलाने मावशीचे, शेजारच्या ताईचे किंवा कबड्डीच्या सरांचे नाव लिहिले, तर मनाला लागले तरी त्या माणसाला फोन करून सांगावे की तुझे नाव या यादीत आहे.

आठवी पायरी : डॉक्टर, कायदा, शाळा

जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते, आणि किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी आरोग्य केंद्रांत वेगळी समुपदेशन केंद्रे चालतात. नैराश्य आढळले आणि औषधे सुरू झाली, तर पहिल्या काही आठवड्यांत मुलाकडे जास्त लक्ष ठेवावे आणि बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

प्रयत्न झालेल्या मुलाला रुग्णालयात नेताना ‘पोलिस केस’ होईल या धास्तीने घरचे खोटे कारण सांगतात आणि उपचार चुकतात. रुग्णालयात नोंद होते, पोलिस जबाब घेऊ शकतात, हे खरे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिला त्यासाठी शिक्षा होत नाही. उलट तिची काळजी घेणे आणि पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते.

दुसरा कायदा २०१२चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा. १८ वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संबंधाला दिलेली संमती तो मान्य करत नाही, आणि असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलावर अत्याचार झाला असेल तर हीच त्याची ढाल आहे. पण दोन समवयस्क मुलांच्या संबंधात ‘पोक्सो लावतो’ ही धमकी म्हणून वापरली गेली, तर दोन्ही घरांतली मुले एकाच वेळी कड्यावर उभी राहतात. अशा वेळी रागाच्या भरात पोलिस ठाण्याची पायरी चढण्याआधी बालकल्याण समिती किंवा वकिलाशी बोलावे, आणि त्या काळात दोन्ही मुलांजवळ कुणीतरी असेल याची काळजी घ्यावी.

शाळेने वर्गशिक्षक आणि समुपदेशक यांच्यापलीकडे ही गोष्ट जाऊ देऊ नये. मूल परत आल्यावर प्रार्थनेनंतर भाषण नको, ‘सगळ्यांनी हिच्याशी नीट वागा’ असेही नको. बसायची जागा, राहिलेला अभ्यास, मधल्या सुट्टीत सोबत कोण, एवढे आधी ठरवावे. आणि कुठे एखाद्या मुलाचा मृत्यू झालाच, तर शाळेच्या दारात मोठे फ्लेक्स, फोटोसह स्टेटस आणि कारणांची चर्चा टाळावी. दुःख करू नये असे नव्हे. पण अशा गौरवाने इतर हळव्या मुलांमधला धोका वाढतो, हे अनेक देशांत दिसून आलेले आहे. त्या मुलाच्या जवळच्या मित्रांना मात्र एकेकटे भेटावे.

पुढचे महिने

धोका पहिल्या आठवड्यात संपत नाही. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे काही महिने जपायचे असतात. काही तारखा अवघड जातात: त्या दोघांच्या ओळखीचा दिवस, निकालाचा दिवस, समोरच्याने नव्या मैत्रिणीबरोबर फोटो टाकला तो दिवस. त्या आधीच कॅलेंडरवर माहीत असाव्यात. घरातली भांडणे थांबवता येत नसतील तर निदान मुलाला निरोप्या करणे थांबवावे. आणि पुन्हा विचारावे, तोच थेट प्रश्न, दर पंधरा दिवसांनी, साध्या आवाजात.

त्या दहावीतल्या मुलीने जुलैमध्ये आराखडा लिहिला तेव्हा नावांच्या रकान्यात फक्त ‘आजी’ होते, आणि आजीकडे फोन नव्हता. डिसेंबरात ती मधल्या सुट्टीत आली आणि पान मागितले. आजीच्या नावापुढे तिने नवा मोबाइल क्रमांक लिहिला, खाली आत्याचे नाव घातले, बराच वेळ पेनचे टोपण चावत बसली आणि मग त्याच्याखाली लिहिले, ‘बाबा (संध्याकाळी सातनंतर)’.